मौन कोरलेला मणी

पानिस्कोस मणी कोरत असे, आणि गेली काही वर्षे तो फक्त ताईतच कोरत असे. याला कारण त्याची श्रद्धा नव्हती. त्याचे डोळे होते.

तरुणपणी त्याने मोहोरांच्या अंगठ्या कोरल्या होत्या. मोहोरेवर व्यापाऱ्याचा चेहरा असतो, चेहऱ्याला नाक असते, आणि ते चुकले तर व्यापारी दुसऱ्याच दिवशी आपले खरे नाक घेऊन दुकानात उभा राहतो. ताईताचे तसे नव्हते. सिंहाचे डोके, त्याभोवती किरण आणि खाली सापाचे वेटोळे अशा ख्नूबिस देवाला अलेक्झांड्रियात कुणीही प्रत्यक्ष पाहिलेले नव्हते. कोंबड्याच्या तोंडाचा आणि सापांच्या पायांचा अब्रासाक्स तर शेजाऱ्यापाजाऱ्यांच्याही ओळखीतला नव्हता. त्यामुळे सिंह कुत्र्यासारखा उमटला तरी गिऱ्हाईक कुरकुर करत नसे. उलट, कुत्र्यासारखा दिसणारा सिंह अधिक गूढ समजला जाई. अक्षरे वाकडी आली तर ती देवदूतांच्या लिपीतली ठरत. डोळ्यांपुढे धुके दाटू लागलेल्या कारागिराला याहून दयाळू पंथ सापडणे कठीण होते.

हे ताईत बांधणाऱ्या त्या पंथाचे लोक स्वतःला 'ज्ञाते' म्हणवत. हे नाव त्यांनी स्वतःच घेतले होते आणि इतरांनी हरकत घेण्याची तसदी घेतली नव्हती. ज्ञात्यांच्या मते हे जग म्हणजे एका खालच्या दर्जाच्या, अडाणी देवाने घाईघाईत उरकलेले काम. (एक कारागीर म्हणून पानिस्कोसला त्या देवाबद्दल थोडी सहानुभूती वाटे.) या देवाचे सात पहारेकरी सात आकाशांच्या दारांत बसतात. मेल्यावर वर निघालेल्या जिवाला प्रत्येक दारी खुणेचा शब्द सांगावा लागतो आणि ओळखीचा मणी दाखवावा लागतो. माणसांचेही तीन वर्ग होते: तेजाचे, मनाचे आणि मातीचे. तेजाच्या माणसांना मुक्ती ठरलेली, मनाच्यांना प्रयत्नाने शक्य, आणि मातीच्यांसाठी मातीच.

पानिस्कोस मातीचा होता. पंथाचे गुरू सोतेरिखोस यांनी ही गोष्ट त्याला पहिल्याच भेटीत, मोठ्या ममतेने सांगितली होती. सातही दारांचे गुप्त शब्द त्याच माणसाच्या हातून कोरून घ्यावे लागतात, यात गुरूंना काही अडचण दिसत नव्हती. मातीच्या माणसाने वाचले तरी त्याला कळत नाही, असा त्यांचा सिद्धान्त होता आणि पानिस्कोसपुरता तो खरा होता.

पंथाचा सगळा डोलारा तिमोक्सेनाबाईंवर उभा होता. त्या पपायरसच्या व्यापाऱ्याच्या विधवा. सभा त्यांच्या बागेत भरे, दिव्यांचे तेल त्यांचे, आणि वर्षाच्या सणाला सगळ्या सभासदांना मिळणारे ताईतही त्यांच्याच खर्चाने, म्हणजेच पानिस्कोसच्या दुकानातून. त्यांची दुसरी ओळख म्हणजे त्यांचे पोट. ते कधी जळे, कधी फुगे, आणि गुरूंचे प्रवचन रंगात आले की नेमके बोलू लागे. एका पंगतीत गुरूंनी त्यावर हिरव्या मण्यावरचा ख्नूबिस सुचवला. त्याच पंगतीला वैद्य नेआर्खोस बसला होता. तो म्हणाला, हिरवा मणी उत्तम, पण त्यावर कोरकाम कशाला?

एवढ्या एका वाक्याने पानिस्कोसचे घर हादरले. बाईंनी ते मनावर घेतले तर उद्या सगळे सभासद कोरे मणी बांधतील, परवा त्यांचे शेजारी बांधतील, आणि कोरणाऱ्याने काय करायचे? मोहोरांकडे परत जायचे म्हटले तर व्यापाऱ्यांची नाके तिथे वाट पाहत होती.

बाईंनी त्याला बोलावून घेतले तेव्हा गुरू आणि वैद्य आधीच येऊन समोरासमोर बसले होते. बाई लोडाला टेकल्या होत्या, हात पोटावर होता.

"पानिस्कोस, हे दोघं माझ्या पोटावरून भांडतायत," बाई म्हणाल्या. "पोट माझं आहे, तेव्हा निकालही मीच देणार."

"भांडण कसलं, बाईसाहेब," नेआर्खोस म्हणाला. "हिरव्या मण्यात गुण आहे, हे मी कुठं नाकारतोय? जठरावर बरोबर टेकेल असा बांधला की पोट शांत होतं. माझ्या गुरूंनी पाहिलंय, मीही पाहिलंय. पण त्याच्यावर तो झिपऱ्या सिंह कोरल्यानं कुणाचं पोट बरं होतं, तर कोरणाऱ्याचं."

"आणि तुमच्या काढ्यानं कुणाचं होतं?" सोतेरिखोसने विचारले.

"काढा निदान गिळता तरी येतो. तुमच्या मंत्रातले ते सात स्वर लोक नुसतेच ओरडतात. आ, ए, ई... माझ्याकडे दात काढून घ्यायला येणारेही हेच म्हणतात."

"पुरे," बाई म्हणाल्या. "परीक्षा घेऊ."

परीक्षा नेआर्खोसने आखली, आणि ती आखताना तो इतका निःपक्षपाती झाला की त्याचे त्यालाच कौतुक वाटू लागले. एकाच हिरव्या खड्यातून दोन मणी काढायचे. एकावर ख्नूबिस आणि त्याची अक्षरे, दुसरा कोरा. दोन्ही दुहेरी तागाच्या पिशव्यांत शिवायचे. एकीला तांबडा धागा, दुसरीला पांढरा. गाठींवर बाईंची मोहोर. अमावास्येपासून पौर्णिमेपर्यंत बाईंनी तांबडी पिशवी पोटावर बांधायची, पौर्णिमेपासून पुढच्या अमावास्येपर्यंत पांढरी. कुठल्या पिशवीत काय आहे ते फक्त पानिस्कोसला ठाऊक असेल आणि ते कुणालाही सांगणार नाही अशी शपथ त्याने सरापिस देवाच्या नावाने घ्यायची.

"आणि पथ्य," सोतेरिखोस म्हणाला. "ख्नूबिस बांधणाऱ्यानं मुरवलेल्या माशांचा रस खायचा नाही. पोसलेलं बदक नाही. नवी दारू नाही. सूर्य मावळायच्या आत सातूची पेज आणि उकडलेला भोपळा, बस. सापाचं तोंड रिकामं असावं लागतं."

"बापरे," बाई म्हणाल्या.

"मग ते पथ्य दोन्ही मण्यांना हवं," नेआर्खोस म्हणाला. "एकाला पथ्य आणि एकाला बदक, असं चालणार नाही. परीक्षा म्हटली की दोन्ही बाजू सारख्या पाहिजेत."

"हरकत नाही," गुरू उदारपणे म्हणाले.

दोन विद्वानांचे एखाद्या मुद्द्यावर एकमत होण्याचा त्या महिन्यातला तो एकमेव प्रसंग होता. पानिस्कोसने शपथ घेतली.

दुसऱ्याच दिवशी सोतेरिखोस दुकानात आला. तो स्वतः कधी येत नसे. निरोप पाठवत असे. दुकानात एकच बाक होते. बसण्याआधी त्याने त्यावर आपल्या झग्याचे टोक अंथरले, कारण बाकही शेवटी मातीच्याच वर्गातले.

"परीक्षा घेणं बरं नव्हे," तो म्हणाला. "संशय हे त्या खालच्या देवाचं अपत्य आहे."

"मग बाईंना तसं सांगा ना."

"बाईंना सांगत नसतात. बाईंचं ऐकत असतात." गुरूंनी उसासा टाकला. "अरे, मला कोरलेल्या नामाची खात्री आहे. पण हे शरीर पडलं पदार्थाचं, बाईंचं तर जरा जास्तच. मणी कोरा असला तरी हिरवा असतो. वैद्याच्या नशिबानं त्याचा थोडाफार गुण आलाच, तर भोळ्या लोकांचा गोंधळ होईल. आपली गोष्ट नाही, मी लोकांचं बोलतोय."

"माझी तर आपलीच गोष्ट आहे, गुरुवर्य. कोरकाम गेलं तर मी खाणार काय?"

"तेच म्हणतोय." सोतेरिखोसची नजर फळीवरच्या एका थाळीवर गेली. थाळीत हिरवे मणी चमकत होते, जरा जास्तच चमकत होते. "हे काय?"

"काच. खलाशांच्या बायका नेतात."

"काचेत काही गुण असतो?"

"काचेत काच असते."

गुरू बराच वेळ त्या थाळीकडे प्रार्थनेला बसल्यासारखे पाहत राहिले. मग म्हणाले, "वैद्यांना कोरा मणी साधा हवाय. तर साधाच ठेव. फार साधा ठेव."

पानिस्कोसला कळायला वेळ लागला, पण तो मातीचा असल्याने ते क्षम्य होते. "ही लबाडी नाही का हो?"

"हे सगळं जगच लबाडी आहे. त्यात तू मातीचा. तुला दोष लागत नाही. मला मात्र कोणत्या धाग्यात काय आहे ते सांगू नकोस. माझं मन निर्मळ राहिलं पाहिजे."

"ते नाहीच सांगणार. शपथ घेतलीय."

गुरू गेल्यावर पानिस्कोसने शपथ पुन्हा एकदा मनात तपासून पाहिली. ती धाग्यांबद्दल होती. काचेबद्दल शपथ घालायला सगळेच विसरले होते. सरापिससारख्या मोठ्या देवाने अशा बारीक गोष्टी स्वतः लक्षात ठेवायला हव्यात, असे त्याने ठरवले आणि थाळीतला एक मणी उचलून घासायला घेतला.

काचेचे काम सकाळीच आटोपले. खऱ्या मण्यावर मात्र तो कितीतरी दिवस बसला. ज्या मण्याने जिंकायचे होते, त्यातला सिंह या वेळी सिंहच दिसायला हवा होता. त्याने पाण्याने भरलेला काचेचा गोळा खिडकीत ठेवला आणि त्यातून एकवटलेला उजेड मण्यावर घेतला. सामत्याच्या, म्हणजे कमानीने फिरणाऱ्या गिरमिटाच्या टोकाला तेल लावले, तेलात कुरुंदाची भुकटी कालवली आणि कमान ओढायला सुरुवात केली. एका किरणाला एक सकाळ. डोळ्यांत पाणी आले की थांबायचे, पुसायचे, पुन्हा वाकायचे. वेटोळ्याच्या वळणात खवले उमटले. कडेने इआओ या गुप्त नावाची अक्षरे बसली, आणि ती तेजाच्या माणसांनाच नव्हे तर सरळ डोळ्यांच्या कुणालाही वाचता आली असती. असे काम त्याच्या हातून कित्येक वर्षांत झाले नव्हते. ते आता पिशवीत शिवून कुणालाच दाखवायचे नव्हते, ही गोष्ट वेगळी.

"कुणासाठी एवढं?" त्याची बायको तौसिरिस हिने विचारले. ती मसूर निवडत उंबऱ्यात बसली होती.

"बाईंच्या पोटासाठी."

"त्यांना म्हणावं, मासे नाही, बदक नाही, पेज नि भोपळा. हे तर आमच्याकडं बारा महिने असतं. मग आमच्या पोटांना कुणाचा ताईत, अहो?"

"तुला काय कळतंय त्यातलं."

"मी कुठं म्हणतेय कळतंय म्हणून. मी मसूर निवडतेय."

अमावास्येला बाईंनी तांबडी पिशवी बांधली. तिच्यात काच होती.

असा क्रम पानिस्कोसने विचार करूनच लावला होता. आधी काच, म्हणजे बाईंना आधी त्रास होईल. मग ख्नूबिस, म्हणजे आराम पडेल. आणि आराम नंतर आला की तो अधिक लक्षात राहतो. धंद्यातला माणूस. त्याने फक्त एक गोष्ट धरली नव्हती. चंद्र अर्धा व्हायच्या आत बाईंची जळजळ थांबली. तो भरत आला तशी बाईंना झोप लागू लागली. पौर्णिमेच्या सभेत त्यांनी एकही ढेकर न देता अख्खे प्रवचन ऐकले, आणि सगळे सभासद एकमेकांकडे पाहू लागले, कारण प्रवचन संपूर्ण ऐकू येण्याची त्यांनाही सवय नव्हती.

पानिस्कोसचे जेवण त्या दिवसापासून उतरेना. काचेने पोट बरे होते हे त्याला ठाऊक असते, तर त्याने खलाशांच्या बायकांकडे जास्त आदराने पाहिले असते.

सोतेरिखोस खुशीत दुकानात आला आणि बाकावर झगा अंथरायचाही विसरला. "म्हणजे तांबड्यात नाम होतं. शाब्बास. आता पांढरी बांधली की बाई पुन्हा कळवळतील, आणि वैद्यबुवांनी दुसरं गाव शोधावं."

पानिस्कोस थाळीतले मणी पुसत राहिला. शपथ होती, आणि खरे म्हणजे सांगायचा धीरही नव्हता.

बाईंनी पांढरी पिशवी बांधली. त्या कळवळल्या नाहीत. चंद्र उतरत गेला, पेज आणि भोपळा चालूच होता, आणि बाई बागेत फेऱ्या मारू लागल्या. अमावास्या जवळ आली तेव्हा सोतेरिखोस पुन्हा आला. या वेळी तो बसलाच नाही.

"तू काच घातलीस ना?"

"घातली."

"मग पांढऱ्यातही पोट बरं कसं?"

"पांढऱ्यात खरा मणी आहे, गुरुवर्य. कोरलेला." शपथ मोडायची ती आता मोडली. "काच तांबड्यात होती."

बाहेर गाढवावरून मीठ विकणारा ओरडत गेला, त्याचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू आला.

"काचेनं बरं वाटलं?" शेवटी गुरूंनी विचारले.

"बाईंना वाटलं."

"कसं?"

"मला काय माहीत? ज्ञाते तुम्ही."

सोतेरिखोसने त्याच्याकडे असे पाहिले की पहिल्यांदाच त्यांच्यात वर्गाचे काही अंतर उरले नाही. बाईंना काच विकली हे बाहेर आले तर पानिस्कोसचे दुकान त्याच दिवशी बंद होणार होते, आणि बंद होण्याआधी त्याची पाठ सोलून निघणार होती. ती काच कुणाच्या सांगण्यावरून गेली, हे पाठ सोलली जाताना माणूस सांगतोच, हेही गुरूंना ज्ञानाशिवाय कळत होते.

अमावास्येच्या सकाळी बागेत सगळी सभा जमली. बाई मधोमध बसल्या होत्या, चेहरा टवटवीत. समोरच्या तिवईवर दोन्ही पिशव्या होत्या.

"दोन्ही वेळा सारखंच बरं वाटलं," बाईंनी जाहीर केले. "तसूभरही फरक नाही. पुढचं तुमचं तुम्ही बघा."

नेआर्खोसच्या चेहऱ्यावर सौजन्य पसरले. जिंकलेल्या माणसाला ते परवडते. "आधी मोहोरा तपासा. शाबूत आहेत? आता तांबडी उघडा."

गाठ सुटली. बाईंच्या तळहातावर एक हिरवा, गुळगुळीत मणी पडला. त्यावर काहीच नव्हते. सभेतून एक हळहळ उठली. पांढऱ्या पिशवीतून ख्नूबिस निघाला. सगळे किरण, सगळे खवले, सकाळच्या उन्हात झळकला. त्याच्याकडे कुणी पाहिले नाही. सगळ्यांचे डोळे कोऱ्या मण्यावर होते.

"झालं," नेआर्खोस म्हणाला. "गुण दगडाचा. अक्षरं फुकट. बघू जरा तो मणी, बाईसाहेब. असला उत्तम खडा हाताळायलाही बरा वाटतो."

त्याने मणी चिमटीत धरला आणि सहज गालाकडे नेला. हिरवे खडे घेणारा प्रत्येक माणूस हेच करतो. दगड गालाला गार लागतो आणि गारच राहतो. काच लगेच ऊबदार होते. पानिस्कोसला आपली पाठ आधीच जाणवू लागली.

"गालाला लावू नका," सोतेरिखोस म्हणाला.

आवाज असा लागला की वैद्याचा हात गालापासून दोन बोटांवर थांबला. "का?"

"त्यावर जे कोरलंय ते झिजेल."

"यावर काहीच कोरलेलं नाही."

"नीट पाहिलंत?"

"नीट पाहिलं. काही नाही."

"मग वैद्यराज, आयुष्यात पहिल्यांदाच तुम्हाला काहीतरी दिसलं." गुरूंनी पुढे होऊन मणी दोन्ही हातांनी, पदराखालच्या दिव्यासारखा, काढून घेतला आणि बाईंच्या ओंजळीत ठेवला. आता त्यांचा आवाज सावकाश झाला. तो सावकाश झाला की सभा पुढे झुकत असे. "सात दारं, सात पहारेकरी, प्रत्येकाचं एक नाव. नावं कुणासाठी? दारापर्यंतच जाणाऱ्यांसाठी. पण सातांच्या पलीकडे काय आहे? अथांग आहे. आणि अथांगाच्या शेजारी कोण बसलंय?"

"मौन," मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणाले, कारण हे त्यांना पाठ होते.

"मौन. आता सांगा, नाव कोरता येतं. मौन कसं कोरायचं?"

ते कसे कोरायचे, हे त्या क्षणी सभेतल्या प्रत्येकाला एकदम दिसले.

"हे आधी का नाही सांगितलंत?" नेआर्खोसने विचारले.

"मौन आधी सांगायचं असतं?" गुरू म्हणाले आणि पानिस्कोसकडे वळले. "तूच सांग. दुसऱ्या मण्याबद्दल मी तुला काय म्हणालो होतो?"

सगळी बाग पानिस्कोसकडे पाहू लागली. खोटे त्याच्या जिभेवर आले होते. पण त्याची गरजच पडली नाही, याचे त्याला नंतर बरेच दिवस नवल वाटत राहिले.

"साधा ठेव, म्हणालात," तो म्हणाला. "फार साधा."

बाईंचे डोळे भरून आले. त्यांनी ओंजळ पोटाशी धरली. "म्हणजे मी पंधरा दिवस मौन बांधून होते, आणि मला पत्ताच नाही."

"बाईसाहेब, पण मी म्हणत होतो की कोऱ्या मण्यानं काम होतं," नेआर्खोस म्हणाला, "आणि झालं."

"तुम्हीही बरोबर," बाई प्रसन्नपणे म्हणाल्या. घरात शांतता नांदावी अशी त्यांची नेहमीच इच्छा असे, आणि आता ती पोटातही नांदत होती. "तुम्ही कोरा मागितलात, यांनी मौन दिलं. दोघंही जिंकलात. या सणाला सगळ्यांना मौनच देऊ. अक्षरं काय, नवख्यांना ठीक आहेत."

"आणि हा पिशवीतून बाहेर काढायचा नाही," सोतेरिखोस घाईने म्हणाला. "गालाला, ओठांना तर मुळीच लावायचा नाही. उघड्या हवेत मौन टिकत नाही."

"मग आता बदक खायला हरकत नाही ना?"

गुरूंनी बाईंच्या पोटाकडे पाहिले. "मौनाला तर तोंड रिकामंच लागतं, बाईसाहेब. सापापेक्षाही."

बाईंनी निःश्वास सोडला आणि मान्य केले. मग त्यांना तिवईवर राहिलेला दुसरा मणी दिसला. त्यांनी तो उचलला, हात लांब करून जरा तिरका धरून पाहिला आणि पानिस्कोसला दिला. "हा तुला ठेव. सिंह छान झालाय. तुझ्यासारख्याला अक्षरं चालतील."

त्याने लवून तो घेतला.

त्यानंतर सगळ्यांचेच बरे चालले. नेआर्खोस आपल्या शिष्यांना सांगू लागला की कोरा हिरवा दगड पोटाला पुरतो, हे त्याने स्वतः आखलेल्या परीक्षेत, दोन्ही बाजू सारख्या ठेवून, डोळ्यांनी पाहिले आहे. ज्ञात्यांमध्ये एक नवा वर्ग झाला, मौनधारकांचा, आणि तो तेजाच्याही थोडा वर बसू लागला. मणी पहिल्यासारखेच हवेत, असे सगळ्यांनी बजावले होते, म्हणून ते पहिल्यासारखेच होते. खलाशांच्या बायकांची थाळी आठवड्यातून दोनदा रिकामी होई. तौसिरिसने घराचे छप्पर शाकारून घेतले. नवऱ्याला ती एकदाच म्हणाली, "काही न कोरायचे इतके मिळतात, तर इतकी वर्षं कोरत का बसलात?" खरा ख्नूबिस त्याने कातड्याच्या तुकड्यात गुंडाळून सामत्यांच्या खणात ठेवला होता. कधीमधी तो काढे आणि अंगठ्याने खवले चाचपे. पाहण्यापेक्षा तेच सोपे झाले होते.

सणानंतर काही दिवसांनी तिमोक्सेनाबाई पालखीतून स्वतः दुकानाशी उतरल्या. चेहरा उतरला होता, हात पुन्हा पोटावर होता.

"पानिस्कोस, मौन झिजलंय रे," त्या म्हणाल्या. "सणाला थोडं बदक खाल्लं. थोडंच. माशांचा रस तर नुसता वरून घेतला. तेव्हापासून सगळं पुन्हा सुरू. गुरूंना विचारलं तर म्हणाले, ते पहिलं मौन होतं, उथळ कोरलं गेलं असेल. जरा खोल करून दे."

पानिस्कोसने पिशवी घेतली. क्षणभर त्याच्या मनात आले की बाईंना सांगावे. निदान भोपळ्याबद्दल तरी. दारात पालखी उभी होती, पालखीच्या मागे बाईंच्या दोन मैत्रिणी आपापल्या पिशव्या हातात घेऊन थांबल्या होत्या, आणि छप्पर नवे होते.

"बसा, बाईसाहेब," तो म्हणाला.

तो पाठ करून कामाच्या पाटापाशी बसला. पिशवी उसवली, काच पाटाच्या फटीत बसवली, टोकाला तेल लावले, तेलात भुकटी कालवली. मग सामता मण्यापासून केसभर वर धरून कमान ओढू लागला. सामता हवेतच घरघरत राहिला. बाई डोळे मोठे करून तो आवाज ऐकत होत्या.

"अजून थोडं," त्या म्हणाल्या. "खोल जाऊ दे."

त्याने कमान आणखी लांब ओढली. खिडकीतल्या पाण्याच्या गोळ्यातून उजेडाचा ठिपका मण्यावर पडला होता, नेमका मधोमध, पण त्याच्याकडे तो पाहत नव्हता. डोळे त्याने मिटून घेतले होते. या कामाला ते लागत नव्हते.